खान्देशातल्या बाजारात खायला जाताना: हंगाम, वेळ, गाडी आणि तिखट

जळगावला किंवा धुळ्याला पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथलं फेमस काय आणि कुठे मिळतं?" कोणीतरी एखाद्या दुकानाचं नाव सांगतं. पाहुणा दुपारी अडीच वाजता तिथे पोहोचतो, सकाळी तळून ठेवलेलं खातो आणि खान्देशात नुसतं तिखट मिळतं असं म्हणत गावी परततो. नाव विचारलं त्याचं काही चुकलं नाही. पण आपल्याकडच्या बाजारात नावापेक्षा वेळ मोठी असते. त्याच कढईतला, त्याच हातचा भजा सकाळी साडेआठला एक असतो आणि दुपारी दुसराच. म्हणून या लेखात दुकानांची यादी नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या गाडीसमोर उभं राहायचं आणि तिथे काय मागायचं, तेवढंच सांगतो.

आधी हंगाम बघा

खान्देशात खाण्याचं वर्ष ऊन ठरवतं. दिवाळी उलटली की फेब्रुवारीपर्यंतचे महिने बाजारात खात फिरण्याचे. भरताची वांगी, कांद्याची पात, ओला लसूण, पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा हे सगळं याच दिवसांत एकदम येतं आणि थंडीमुळे तिखटही सोसतं. बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा बोलवायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच बोलवा.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा बाजार दोन तुकड्यांत चालतो. सकाळी दहा-साडेदहापर्यंत एक आणि ऊन उतरल्यावर, सहा-साडेसहानंतर दुसरा. मधल्या वेळात गाड्यांवर झाकून ठेवलेलं जे असतं ते सोडून द्या. उन्हाळ्यात रात्री नऊनंतरचा बाजार मात्र सुरेख असतो, माणसं तेव्हाच बाहेर पडतात. पावसाळ्यात भजे आणि गरम रस्सा सोडून फार काही शोधू नका.

यात्रांचा हिशेब वेगळा. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, धुळ्याला चैत्रात एकवीरा देवीची यात्रा असते, अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची. तिथे गोडीशेव, जिलेबी आणि भजे यांच्या रांगा लागतात. मजा भरपूर, पण दुकानदार चार दिवसांपुरते आलेले असतात, ओळखीचं गिऱ्हाईक सांभाळायची गरज त्यांना नसते. यात्रेत एकच नियम पाळा: डोळ्यासमोर कढईतून निघालेलं तेवढंच घ्या.

तीन जिल्हे, तीन चवी

नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, पण बाजारात उभं राहिलं की फरक लगेच कळतो. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर हा भाग भरीत, कळण्याची भाकरी आणि केळी यांचा. धुळ्याकडे शेवभाजी, मिसळ आणि रश्श्याचा जोर. नंदुरबार-नवापूरकडे गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी फाफडा, गाठी, खमण यांच्या गाड्या दिसतात. आणि तरीही हे लाल मिरचीचं गाव. हंगामात पथारींवर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका रस्त्यावरून जाताना बसतो. जिथे आहात तिथलं खा. नंदुरबारला जाऊन भरीत शोधण्यात आणि जळगावला येऊन खमण शोधण्यात अर्थ नाही.

निघताना

सुटे पैसे ठेवा. मोबाइलवर पैसे घेण्याचा कागद बहुतेक गाड्यांवर चिकटवलेला असतो, पण भाजीबाजारात शेंगा किंवा बोरं घेऊन खाली बसलेल्या आजीकडे तो नसतो. पाण्याची बाटली घरून घ्या, एक रुमाल घ्या आणि पार्सल न्यायचं असेल तर स्टीलचा डबा. डबा का, ते शेवभाजीपाशी सांगतो. नाश्ता करून निघू नका, पण अगदी उपाशीपोटीही पहिला घास मिरचीचा घेऊ नका. दोन घास पोळी किंवा एक केळं खाऊन निघालं की बरं.

पहिली फेरी बघण्याची

जळगावात फुले मार्केट-गोलाणी मार्केटचा परिसर असो की धुळ्यात पाचकंदील-आग्रा रोड, बाजारात शिरल्या शिरल्या पहिल्या गाडीवर थांबू नका. पंधरा-वीस मिनिटं नुसती फेरी मारा. या फेरीत चार गोष्टी बघायच्या.

कढईतलं तेल बघा. वरवर काळं दिसलं म्हणून लगेच नाव ठेवू नका, तिखट-मसाल्याचे कण पडले की रंग बदलतोच. पण घाणा टाकला नसतानाही तेल धुरावतंय, वर चिकट फेस राहतोय आणि नाकाला उग्र वास येतोय, तर ते तेल फार वेळा तापलंय. अन्न सुरक्षा नियमांत २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण धूर, फेस आणि वास या तीन खुणा पुरतात.

दुसरं, गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. गर्दीपेक्षा गर्दीतली माणसं महत्त्वाची. हमाल, रिक्षावाले, आजूबाजूच्या दुकानांतले नोकर रोज जिथे खातात तिथे माल शिळा राहत नाही, कारण ती माणसं दुसऱ्या दिवशी जाब विचारायला पुन्हा समोर उभी असतात.

तिसरं, प्लेट कशी धुतात. एकाच बादलीत सकाळपासून बुचकळणं चाललं असेल तर पानावर किंवा द्रोणात मागा. वर्तमानपत्राच्या कागदावर तेलकट काही घेऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते. "भाऊ, प्लेटमध्ये द्या" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही.

चौथं, पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच आहे का. नवरा तळतोय आणि बायको पैसे घेतेय, किंवा मुलगा गल्ल्यावर आणि बाप कढईवर, अशी वाटणी असलेली गाडी मला जास्त विश्वासाची वाटते.

सकाळ: पोहे, तर्री, भजे

साडेसात ते साडेनऊ ही वेळ गाठा. पोहे मोठ्या परातीत किंवा पातेल्यात वाफेवर ठेवलेले असतात. झाकण काढल्यावर वाफ निघाली पाहिजे. वर शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू. तर्री हवी का विचारतील. पहिल्यांदा खात असाल तर तर्री वाटीत वेगळी मागा आणि स्वतः घाला. एकदा वरून ओतली की कमी करता येत नाही.

भजे खायचे तर गाडीवाल्याला "गरम काढा" असं नुसतं म्हणू नका. तसं म्हटलं की थंड भजे पुन्हा तेलात सोडले जातात आणि तेल पिऊन जड होतात. "नवा घाणा कधी पडतोय?" असं विचारा आणि पाच मिनिटं थांबा. मेथीचे भजे हिवाळ्यात घ्या, तेव्हा मेथी कोवळी असते. सोबतची तळलेली मिरची मीठ लावून मिळते. तिचा देठाकडचा भाग टोकापेक्षा तिखट, कारण बियांचा गड्डा तिथे असतो. नवख्याने टोकाकडून सुरुवात करावी आणि अर्ध्यात थांबावं.

मिसळ मागवताना मटकी किती आणि रस्सा किती हे बघून पाव घ्या. खान्देशी मिसळीचा रस्सा पातळ पण जोरदार असतो. दुसरा रस्सा बहुतेक ठिकाणी मागितला की मिळतो. तो मागण्यात संकोच नको, पण पहिला संपवून मागा.

शेवभाजी

नाव साधं आहे, पण बाजारातल्या खाण्यात सगळ्यात जास्त जपावी लागणारी गोष्ट हीच. रस्सा असा होतो: कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, आलं-लसूण घालून वाटायचं, मग तेलात काळ्या मसाल्याबरोबर तेल सुटेपर्यंत परतायचं आणि गरम पाणी घालून उकळायचं. शेव अगदी शेवटी पडते. ही शेव फराळाची बारीक शेव नव्हे. जाड, तिखट, भाजीसाठीच केलेली असते, म्हणून रश्श्यात लगेच विरघळत नाही. तरीही चार-पाच मिनिटांत ती रस्सा पिऊन फुगते आणि पुढे लगदा होतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बसा, भाकरी किंवा पोळी ताटात येऊ द्या, कांदा-लिंबू येऊ द्या, मगच शेव टाकायला सांगा. चांगल्या खानावळीत वाढपी स्वतःच विचारतो, "टाकू का शेव?" तसं विचारणारी जागा लक्षात ठेवा. रश्श्यावर तवंग हवा, पण तवंग बाजूला सारला तर खालचा रस्सा दाट दिसला पाहिजे. वर लाल तेल आणि खाली पाणी असेल तर वाटण कमी पडलंय, रंग मिरचीचा आहे आणि चव येणार नाही.

पार्सलला डबा यासाठीच. रस्सा डब्यात घ्या, शेव कागदी पुड्यात वेगळी. घरी रस्सा पुन्हा उकळा, ताटं मांडा, मग शेव सोडा. उकळता रस्सा पातळ पिशवीत बांधून घेणं मला अजिबात पसंत नाही. पिशवी मऊ पडते, रश्श्याला प्लॅस्टिकचा वास येतो आणि रस्त्यात ती फुटली तर पोळतं ते वेगळंच.

भरीत: इथे वेळ घालवा

जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, पांढरट रेघांचं, मोठं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं असतं. बामणोद आणि आसोदा ही नावं भाजीबाजारात सतत ऐकू येतात, विकणारा तीच सांगून भाव धरतो. नावावर भाव देऊ नका, वांगं हातात घ्या. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी, गर मऊ. जड आणि टणक लागलं तर ते जून झालंय. देठ हिरवा आणि ओला हवा.

शेतातल्या भरीत पार्टीत वांगी कापसाच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. काड्यांचा जाळ झटकन मोठा होतो आणि झटकन बसतो, त्यामुळे साल करपते, आत गर शिजतो आणि धुराचा वास धरतो. मग साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसूण ठेचून त्यात गर घोटतात. वर कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेलाची फोडणी. हळद-लाल तिखट यात नसतं, म्हणून चांगलं भरीत हिरवट पांढरं दिसतं. बाजारात भरीत लालसर किंवा तपकिरी दिसलं तर ते दुसऱ्या पद्धतीचं आहे. कदाचित चवीला ठीकही असेल, पण ज्यासाठी तुम्ही आलात ते नव्हे.

हिवाळ्यात भरीत विकणारी दुकानं किलोवर देतात. दोघांना भाकरीबरोबर पाव किलो पुरतं, आवडीने खाणारे असतील तर अर्धा किलो घ्या. घेण्याआधी चमचाभर चाखायला मागा, ताजं असलं की दुकानदार आनंदाने देतो. चाखताना आधी धुराचा वास आला पाहिजे, मग मिरची आणि शेवटी वांग्याचा गोडवा. आधी तेल लागलं किंवा तळाशी पाणी सुटलेलं दिसलं तर पुढच्या दुकानात जा. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत नवा घाणा निघतो तिथे थांबायची तयारी ठेवा.

भरताबरोबर कळण्याची भाकरी मागा. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून मीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. उडदामुळे भाकरीला चिकटपणा येतो आणि रंग जरा काळपट दिसतो. ती करपलेली नसते, परत करू नका. तव्यावरून उतरल्या उतरल्या तेल किंवा तूप लावून खाल्ली तर तिच्यासारखी दुसरी भाकरी नाही. गार झाली की वातड होते. म्हणून भाकरी एकेक मागवा, चार एकदम नको. काही ठिकाणी भरताबरोबर पुऱ्या देतात. त्याही चालतात, पण निवड असेल तर मी भाकरीच सांगेन, तेलकट भरतावर तेलकट पुरी दोन घासांत जड होते.

एक महत्त्वाचं. भरीत, पोहे, चटण्या, मसाला खिचडी या सगळ्यात शेंगदाणे आणि शेंगदाण्याचं तेल सर्रास असतं. घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर प्रत्येक गाडीवर आधी विचारा, दिसत नाही म्हणून नाही असं धरू नका.

तिखट सोसवत नसेल तर

पाणी पिऊ नका. मिरचीतला झोंबणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात आणि दुधाच्या पदार्थांत विरघळतो. पाण्याने तो तोंडभर पसरतो. ताक किंवा दह्याचे दोन चमचे तोंडात घोळवा, नाही तर कोरडी भाकरी चावा. आपल्याकडे बाजारात केळं कुठेही हाताशी असतं, तेही चालतं. मागतानाच "मावशी, तिखट बेताचं" म्हणा. त्यात कमीपणा नाही, उलट मावशी दुसऱ्या पातेल्यातलं काढून देते. वयस्क गाडीवाल्याला आप्पा, नाना किंवा बाबा म्हणा, बरोबरीच्याला भाऊ, दादा. धुळ्याकडे "ताजं शे ना, भाऊ?" एवढं अहिराणीत विचारलं तरी समोरचा हसून खरं ते सांगतो, आणि कधीकधी "आज राहू द्या, उद्या सकाळी या" असंही म्हणतो. असं म्हणणाऱ्याकडे उद्या नक्की जा.

गोड, केळी, थंड

जिलेबी गरम तेवढी घ्या, पाक आत असला की दाताखाली फुटते. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी नावाजलेली आहे. रावेरकडून रेल्वेने किंवा गाडीने तिकडे जाणं होत असेल तर खास थांबा.

केळीचे वेफर्स हा रस्त्यावर उभं राहून बघायचा प्रकार आहे. सावदा-फैजपूरकडच्या रस्त्यांवर कच्ची केळी सोलून खिसणी थेट कढईवर धरतात, काप तेलात पडतात, वरून मिठाचं पाणी शिंपडलं की तेल तडतडतं. इथे मीठ, काळी मिरी, तिखट असे प्रकार मिळतात. पहिल्यांदा मिठाचेच घ्या, केळीची चव त्यातच कळते. आणि गरम असताना पिशवी सील करू देऊ नका. पसरून गार होऊ द्या, नाही तर वाफेने घरी जाईपर्यंत मऊ पडतात.

उसाचा रस, सरबत, बर्फाचा गोळा यांत जोखीम बर्फाची. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळसर बर्फ दिसला तर तिथून निघा. रस बिनबर्फाचा मागा, आणि यंत्रात ऊस घालताना समोर उभे राहा. कापून ठेवलेलं टरबूज घेण्यापेक्षा समोर कापायला सांगा.

मुलं, म्हातारी माणसं आणि उपास

लहान मुलांसाठी भाकरी-दही, खिचडीवर तूप, जिलेबी, वेफर्स. एवढ्यात त्यांचं पोट भरतं, त्यांना तर्री चाखवण्याचा आग्रह नको. आई-वडिलांना घेऊन जात असाल तर लोटगाडीऐवजी बाक असलेली खानावळ बघा आणि वरण-बट्टी मागा. तळलेली बट्टी चुरून तिच्यावर वरण आणि तूप, सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी. हे लग्नाच्या पंगतीतलं जेवण आता खानावळींतही मिळतं. एकादशीला बाजारात साबुदाण्याची खिचडी आणि वडे भरपूर असतात. वडे कोणत्या कढईत तळतात ते विचारा, उपास कडक असेल तर शेजारच्या भज्यांचं तेल चालणार नाही.

घरी काय न्यावं

खापरावरचे मांडे गाडीवर सहसा मिळत नाहीत. ते सांगून करून घ्यावे लागतात किंवा बचत गटांच्या प्रदर्शनात भेटतात. उलट्या खापरावर हातभर पसरलेला मांडा पडताना बघायला मिळाला तर सगळं सोडून थांबा, आणि आंब्याचे दिवस असतील तर आमरसाबरोबर तिथेच खा. मांडे पार्सल नेता येतात, घडी घालून कापडात गुंडाळा.

ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, कुरडया उन्हाळा संपता संपता घ्या, तेव्हा त्या वर्षीचा नवा माल असतो. बिबडा वाकवून बघा, न वाकता कडकन मोडला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, पावसाळ्यात बुरशी धरेल. धडगावकडचा आमचूर नंदुरबारच्या बाजारात मिळतो, तो फोडींचा घ्या, भुकटीचा नको.

काळा मसाला तयार घेण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, खडा मसाला वेगवेगळा घेऊन डंक्यावर समोर कुटून घ्या. मिरची देठासकट घ्या, देठ काढलेली लवकर जुनी होते. हातात दाबली की कुरकुरली पाहिजे, मऊ लागली तर ती ओली आहे आणि वजनात पाण्याचे पैसे जातात. कुटल्यावर मसाला गार होईपर्यंत कागदावर पसरून ठेवा, मग काचेच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचा खडा ठेवा.